खानापुरातला पावसाळा, जुना ड्रायर आणि घराचं वायरिंग: दुरुस्तीच्या नोंदी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. माळ्यावर दोऱ्या, पडवीत दोऱ्या, तरी तिसऱ्या दिवशी कुबट वास यायचा तो येतोच. एरवी आम्ही चालवून घेतो. यंदा मे महिन्यात सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. रोज दोन-तीन चादरी बदलाव्या लागतात. ओलसर चादर पाठीखाली राहिली तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून कपडे वाळवायचं मशीन घेतलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) वापरता येतो, पण वायरिंग माझा धंदा नव्हे. मीटर आणि मेन बोर्डाकडचं सगळं काम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतलं. मशीनच्या आतलं मी केलं. कुणाच्या घरी असंच जुनं मशीन, असंच जुनं कौलारू घर असेल तर उपयोग होईल म्हणून तारखेवार लिहून ठेवलंय.

१४ जून

बेळगावात टिळकवाडीतल्या एका घरातून जुना ड्रायर घेतला. साडेपाच किलोचा, गरम हवा मागच्या नळीतून बाहेर टाकणारा. किंमत ८,५०० रुपये, खानापूरपर्यंत टेम्पोचे ९००. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट आणि एकूण २१०० वॅट. त्यातले १९०० हीटरचे, बाकी मोटरचे.

तिथे मशीन पाच मिनिटं चालवून पाहिलं, गरम हवा आली, पैसे दिले. मागचं झाकण उघडून बघायला हवं होतं, ते केलं नाही.

१६ जून

मशीनचा प्लग मोठ्या पिनांचा, १६ अँपिअरचा. पडवीत फक्त ६ अँपिअरचा पॉइंट. दुकानातून १२० रुपयांचा कन्व्हर्टर आणला आणि लावला. ही माझी पहिली चूक. मशीन ९ अँपिअरच्या वर ओढतं, कन्व्हर्टर लावल्याने भिंतीतला पॉइंट मोठा होत नाही.

चाळीस मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बंद करून प्लग ओढला तर कन्व्हर्टर सॉकेटला चिकटून बसलेला. एक पिन पिवळी पडलेली, भोवतालचं प्लास्टिक वितळून सुरकुतलेलं.

१७ ते २६ जून

मशीन स्वयंपाकघरात हलवलं. तिथे मिक्सर-गिझरसाठी बसवलेला १६ अँपिअरचा पॉइंट आहे. चाललं, पण दोन चादरी आणि एक पांघरूण वाळायला तीन तास. एका खेपेला मीटरवर चार युनिटच्या वर. मला वाटलं जुनं मशीन आहे, असंच असणार.

नळी खिडकीबाहेर न काढता तशीच जमिनीवर सोडली होती. सगळी वाफ स्वयंपाकघरात. भिंतीला हात लावला की ओला. तीच दमट हवा मशीन पुन्हा आत ओढत होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

२७ जून

ड्रम फिरतोय, हवा गार.

२९ जून

दुरुस्तीवाले आले. मागचं झाकण काढलं, दहा मिनिटांत गरम हवा सुरू, ६०० रुपये. काय बिघडलं होतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "एक पार्ट गेला होता, काढून टाकला. त्याची गरज नाही बाई, तो नुसता त्रास देतो."

मी पुढे काही विचारलं नाही. शाळेची घाई होती आणि चादरी साठल्या होत्या.

२ जुलै

दोन गोष्टी घडल्या.

सकाळी धुण्याभांड्याच्या मावशी म्हणाल्या, "बाई, मशिनीला हात लावलो की मुंग्या येत्यात." मी म्हटलं, सुक्या कपड्यांची वीज असेल, टेरीकॉटला येते तशी. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. ओल्या फरशीवर, अनवाणी, भिजल्या हातांनी त्या त्या पत्र्याला हात लावत होत्या. त्या वेळी मी मल्टिमीटर घेऊन बसायला हवं होतं. ही नोंद लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतंय.

दुपारी चादर काढली तर एका कडेला तपकिरी डाग, इस्त्री जास्त वेळ राहिल्यावर पडतो तसा. हात लावला तर कापड कुरकुरीत. प्लग काढला. तेव्हापासून मशीन बंद.

४ जुलै

रविवारी करायचं ठरवलं होतं, पण धीर निघेना. रात्री मागचं झाकण काढलं.

काढताना दोन काळज्या घ्याव्यात. स्विच बंद करणं पुरत नाही, प्लग उपटून समोर दिसेल असा ठेवावा. आणि मोटरच्या कपॅसिटरला लगेच हात लावू नये, त्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. मी १०० वॅटच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो रिकामा केला.

आत काय दिसलं: हीटरच्या पेटीजवळ दोन चपट्या टोकांमध्ये पूर्वी एक बटणाएवढा पार्ट होता, थर्मल कट-ऑफ. तो नव्हता. दोन्ही टोकं एका उघड्या तांब्याच्या तारेने पिळून जोडलेली, वर काळी टेप. टेप उष्णतेने सुकून पापडासारखी झालेली, नखाने टोकरली तर तिचे तुकडे पडले. म्हणजे मशीन पेटायच्या आधी वीज तोडणारी एकमेव गोष्ट काढून टाकली होती, आणि मी तीन-चार दिवस त्याच्या शेजारी स्वयंपाक करत होते.

मग प्रश्न असा, की कट-ऑफ मुळात उडाला का? हा पार्ट उगीच उडत नाही. हवेच्या वाटेचं झाकण काढलं तर कापसाच्या धुळीची गादीच. पंख्याच्या पात्यांत, पाइपच्या वळणात, सगळीकडे. ओली धूळ वाळून पुठ्ठ्यासारखी झाली होती. दोन्ही ओंजळी भरतील एवढी निघाली. शिवाय बाहेरची नळी भिंत आणि मशीन यांच्यात चेंगरून चपटी.

याचं कारण-कार्य समजून घ्या. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बसवलेला असतो तिथे, जिथून हवा बाहेर पडते. वाट तुंबली की गरम हवा तिथपर्यंत पोचतच नाही, थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे, तो हीटर चालूच ठेवतो. हीटरजवळचा कट-ऑफ मात्र भाजून निघतो आणि उडतो. नुसता नवा कट-ऑफ घातला असता तर तोही उडाला असता.

रात्री साडेबारा वाजले. धूळ काढायलाच दोन तास गेले.

६ जुलै

प्लग काढलेला ठेवूनच मल्टिमीटरने आतलं मोजलं.

हीटरला दोन नळ्या आहेत, प्रत्येकी ९५० वॅट. हिशेबाने २३० गुणिले २३० भागिले ९५०, म्हणजे ५५-५६ ओहम यायला हवेत. दोन्ही नळ्या ५६. म्हणजे आतली तार तुटलेली नाही.

दाराचा स्विच ठीक. थर्मोस्टॅटला केस वाळवायच्या यंत्राने शेकलं, टक् आवाज झाला, जोड तुटला. गार झाल्यावर पुन्हा जुळला. तोही ठीक.

मग हीटरच्या टोकापासून मशीनच्या पत्र्यापर्यंत मोजलं. इथे मीटरने आकडा दाखवायलाच नको. एका नळीला, तिला थोरली म्हणू, तसंच होतं. दुसरीला, म्हणजे धाकटीला, ३०० किलोओहमच्या आसपास आकडा, तोही हलता. मावशींच्या मुंग्या तिथून येत होत्या.

८ जुलै

मुंग्या येतात याचा दुसरा अर्थ असा, की गळणारी वीज जमिनीत जायला वाट नाही. अर्थिंग धड असती तर ती तारेवाटे गेली असती.

आमच्या गल्लीतले जुने वायरमन, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांना बोलावलं. सॉकेटवर फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने २१० दाखवलं. मी म्हटलं, अर्थिंग आहे की. अण्णा म्हणाले, "मीटरचं सोडा बाई, बल्ब लावून बघू." त्यांनी १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावला. नुसती तार लाल झाली, उजेड नाही. मल्टिमीटर जवळपास वीज ओढतच नाही, त्यामुळे गंजक्या तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब ओढतो, म्हणून खरं कळतं. ही चाचणी जिवंत वीज घेऊन असते, ती जाणत्या वायरमननेच करावी.

मागच्या दारी पाहिलं. अर्थिंगची तार आजेसासऱ्यांच्या काळात नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली. नळ सात वर्षांपूर्वी प्लास्टिकचा झाला. तेव्हापासून घराला धड अर्थिंग नाही.

९ जुलै

व्होल्टेज मोजलं. मशीन बंद असताना मीटरच्या बोर्डाला २१९, सॉकेटला २१९. अण्णांसमोर दोन मिनिटं मशीन चालू केलं, कुणीही हात न लावता. बोर्डाला २१४, सॉकेटला १९६.

बोर्डापर्यंत ५ व्होल्ट पडले, ते चालायचेच. पण पुढे घराच्या आत १८ व्होल्ट कुठे गेले? स्वयंपाकघरापर्यंतची तार १ चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन ४० मीटर. तिच्यात पाच-सहा व्होल्ट पडतील. उरलेले १२ कुठेतरी एकाच जागी. आठ अँपिअरने गुणलं तर जवळजवळ १०० वॅट. म्हणजे भिंतीत कुठेतरी एक शंभराचा बल्ब, उजेड न देता नुसता तापत होता.

अण्णांनी माळ्यावरचा लाकडी जॉइंट बॉक्स उघडला. न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या) दोन तारा नुसत्या पिळलेल्या, टेप गळून गेलेली, लाकूड काळं. बॉक्सच्या वर दीड वितीवर कौलांखालची रिप. तिथेच आम्ही पावसाळ्यात कपडे वाळत घालतो.

मशीनला तीन तास का लागत होते, याचं एक कारणही इथेच सापडलं. १९६ व्होल्टवर हीटर पूर्ण ताकदीच्या तीन चतुर्थांशापेक्षाही कमी तापतो. जास्त तास चालतो, जास्त तास तो जोड भाजत राहतो.

११ ते १३ जुलै

जुन्या तारांना हात लावायचा नाही, ड्रायरसाठी मीटरपासून स्वतंत्र लाईन ओढायची, असं ठरलं. फेज आणि न्यूट्रल ४ चौरस मिलिमीटर, अर्थ २.५. माळ्यावरचा तो जोड कापून, धड कनेक्टर घालून बंद केला. १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की खाली पडून वीज तोडणारी).

आमचे हे गोव्याहून शनिवारी आले, ते पाइप ठोकायला उपयोगी पडले. (ह्यांची नोकरी पणजीला.)

अर्थिंगचा खड्डा मात्र जड गेला. तीन-चार फुटांवर जांभा लागला. पहार मारली की ठिणगी नाही, नुसता लाल भुगा. गड्याने दीड दिवस खणलं, वरून पाऊस, खड्ड्यात कमरेएवढं पाणी. शेवटी पाणी उपसून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ. अण्णांच्या अर्थ टेस्टरवर ४ ओहम. ते म्हणाले, "आता पाऊस आहे म्हणून चार दाखवतंय. एप्रिलात परत बघू." बल्ब या खेपेला लख्ख लागला.

१४ जुलै

आरसीसीबी टिकेना. मशीनचं बटण दाबलं, ड्रम हललासुद्धा नाही, खाली पडली. मी हीटरला दोष देऊन मोकळी झाले आणि शाळेत गेले. संध्याकाळी विचार केला, हीटर सुरू व्हायच्या आधीच पडतेय, तर हीटर कसा?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बोर्ड उघडला. त्यांच्या हाताखालच्या पोराने ड्रायरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढून न घेता जुन्या सामाईक पट्टीवर बसवला होता. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलवाटे आरसीसीबीतून परत येत नाही, म्हणून ती गळती समजून पडत होती. तार बदलायला पाच मिनिटं. आता मशीन फिरलं, आणि हीटर लागताक्षणी आरसीसीबी पुन्हा पडली. हा दोष खरोखर हीटरचा.

कुणाची आरसीसीबी पडत असेल तर ती कोणत्या क्षणी पडते ते आधी बघा. तेवढ्यावरून अर्धं काम होतं.

१६ जुलै

अण्णांचा ५०० व्होल्टचा मेगर (जास्त दाबाची वीज लावून गळती तपासणारं यंत्र) आणला. धाकट्या नळीला ०.०१ मेगाओहम. ज्याला मल्टिमीटर ३०० किलोओहम म्हणत होता ते दाबावर १० किलोओहम निघालं.

या नळ्यांच्या आत तार आणि बाहेरचं धातूचं आवरण यांच्यामध्ये पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. टोकाचं सील तडकलं की भुकटी हवेतला ओलावा ओढते. आमच्याकडच्या जुलैत तर विचारायलाच नको. नळी सुटी काढून ओटीजीत (केक भाजायच्या विजेच्या भट्टीत) १२० अंशांवर चार तास ठेवली. गार झाल्यावर मेगर २० मेगाओहमच्या वर. फार आनंद झाला.

१९ जुलै

तीन दिवस नुसती टेबलावर ठेवली होती. मेगर पुन्हा १ च्या खाली. सील गेलंय, भाजून काही उपयोग नाही. हे तीन दिवस वाया.

२० ते २२ जुलै

दोन्ही नळ्या पिशवीत घालून बेळगावात उद्यमबागेत गेले. तिथे नमुना बघून हीटर बनवून देणारं एक छोटं वर्कशॉप सापडलं. मालकांनी नळी हातात फिरवली, टोकाचं सील बघितलं आणि म्हणाले, "नाळे बर्री." कन्नडात उद्या या म्हणून सांगितलं, परवा मिळालं. १,४०० रुपये. माझ्यासमोर मेगर लावायला सांगितला, त्यांनी खळखळ न करता लावला.

कट-ऑफ शोधायला जास्त हिंडले. पहिल्या दुकानात दिसायला हुबेहूब मिळाला, घेतलाही. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर त्यावर कोरलेलं तापमान मशीनच्या आकृतीतल्या आकड्यापेक्षा जास्त. लावला असता तर बसला असता, चाललाही असता, फक्त वेळेवर उडाला नसता. दुसरा कुरिअरने मागवला.

२४ जुलै

सगळं जोडलं. हीटर आणि कट-ऑफ, चपटी टोकं घट्ट आवळून. सैल टोकं पक्कडीने दाबून घेतली, एक काळं पडलेलं कापून नवं घातलं. हवेची नवी नळी खिडकीच्या लाकडी फळीला भोक पाडून बाहेर काढली, वाटेत एकच वळण. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे.

सॉकेटला भार असताना २१२ व्होल्ट. आरसीसीबी टिकली. तिचं टेस्ट बटण दाबलं, पडली, परत उचलली. दोन चादरी, एक पांघरूण: एक तास दहा मिनिटं, दोन युनिटला थोडं कमी.

चादर गरम होती तशीच आत्याबाईंच्या पाठीखाली घातली. "उन्हातली हाय व्हय गे?" म्हणाल्या. बाहेर धो धो पाऊस होता.

खर्च

दुरुस्तीवाले ६००, कन्व्हर्टर १२०, तारा ३,६५०, एमसीबी २५०, आरसीसीबी १,७००, सॉकेट-प्लग-पेटी ४५०, अर्थिंग खणाईसकट ३,२००, अण्णांची मजुरी २,०००, हीटर १,४००, कट-ऑफ दोन मिळून कुरिअरसह ६५०, नळी आणि क्लिपा ५५०. एकूण १४,५७०. मशीन आणि टेम्पो धरून २३,९७०. यातले ११,२५० घराच्या वायरिंगचे आहेत. ते मी मशीनच्या खात्यात धरत नाही, ते काम ड्रायर नसता आला तरी करायलाच हवं होतं. वेळ: सहा आठवड्यांना थोडा कमी.

११ ऑगस्ट

रोज दोन खेपा चालू आहेत. धुताना शेवटचं पिळणं दोनदा लावते, त्याने ड्रायरचे पंधरा मिनिटं वाचतात. धुळीची जाळी प्रत्येक खेपेनंतर मावशी साफ करतात, मागची वाट मी महिन्यातून एकदा उघडणार. दोन्ही नळ्यांचा मेगर आज घेतला, ५० च्या वर.

मावशींना बोलावून पत्र्याला हात लावायला सांगण्याआधी मी स्वतः लावला. मग त्यांनी ओल्या तळव्याने लावून बघितलं, दोनदा. "न्हाई येत," म्हणाल्या, आणि चादरी काढायला लागल्या. त्यांच्या घरचं अर्थिंग बघायला अण्णा येत्या रविवारी जाणार आहेत, बल्ब घेऊन.